कलाकेंद्राचा पहिला रुपया कौलांवर

बेळगावात किंवा खानापूर-निपाणीकडे एखादा जुना वाडा, बंद पडलेली शाळा हाती आली की कलाकेंद्राचं अंदाजपत्रक ठरलेलं असतं: रंगमंच, दिवे, स्पीकर, एसी, दारात देणगीदारांची संगमरवरी पाटी. छप्पर 'पुढच्या वर्षी बघू'. माझ्या मते इमारती जातात त्या याच उलट्या क्रमानं. गुर्लहोसूरचे अण्णासाहेब किर्लोस्कर, सुळेभावीचे कुमार गंधर्व ही नावं भाषणात घ्यायला आपण तरबेज आहोत. पन्हळ कोण साफ करणार, यावर मात्र बैठकीत शांतता.

आधी छप्पर. मंगळुरी कौलं शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे लागतात. चाळीस बाय पंचवीसच्या सभागृहाला उतार आणि वळचण धरून दोन हजारांच्या आसपास. वर शे-दोनशे जास्तीची ठेवाच, खानापूरकडे माकडं आहेत. बदली कौल त्याच छापाचं शोधा; कारखान्याचा छाप कौलावरच असतो. दुसऱ्या साच्याचं कौल दिसायला सारखं, पण खाचेत नीट बसत नाही आणि पाणी नेमकं तिथून आत येतं. चढताना कौलावर पाय न देता फळी टाकायची. काम मृगाच्या आत उरकायचं, आणि वळीव गाठणारच हे धरून रोज संध्याकाळी ताडपत्री.

'पत्रा घाला, कटकट मिटेल' असं सांगणारा एक तरी भेटतोच. जुलैत पत्र्यावर पाऊस लागला की दुसऱ्या रांगेला संवाद ऐकू येत नाहीत.

कौलं उतरवलीत तर तुळया तपासून घ्या. तुळई मधे क्वचित सडते. सडते ती भिंतीत शिरलेल्या टोकाला, कारण तिथं वारा नाही. हातोडीनं ठोकत जा, आवाज बद्द आला तर टोच्या घालून पाहा. सगळी तुळई बदलायची गरज नसते. सडका भाग कापून त्याच जातीचं लाकूड तिरक्या सांध्यानं, पट्ट्या-बोल्टांनी जोडता येतं. टोकाभोवती बोटभर मोकळी जागा सोडा.

भिंतीला सिमेंट लावणं ही सगळ्यात महागडी काटकसर. इथल्या भिंतींचा जांभा दगड पाणी पितो आणि उन्हात सोडतो. सिमेंटनं त्याचं तोंड बंद केलं की ओल आत कोंडते, क्षार वर येतात, दोन-तीन पावसाळ्यांत पोपडे. मग पुन्हा सिमेंट! चुन्याचा गिलावा करा: किमान तीन आठवडे भिजवलेला चुना एक भाग, चाळलेली वाळू अडीच ते तीन भाग, दोन थरांत. घाईनं वाळवला तर तडकतो, म्हणून आठवडाभर ओलं गोणपाट. कळीचा चुना विझवताना पाणी उकळतं. डोळ्यांना चष्मा हवाच.

आवाजाची परीक्षा फुकट आहे. रिकाम्या सभागृहात एक टाळी वाजवा. झणझण ऐकू आली तर दोन समोरासमोरच्या उघड्या भिंती आवाज चेंडूसारखा टोलवताहेत. एका भिंतीवर जाड पडदा, तोही दुप्पट चुण्या घालून, आणि खाली सतरंज्या. चकचकीत फरशी आणि पीओपीचं छत घातलंत तर चांगल्या गवयाचाही गोंधळ होईल.

दिव्यांचा हिशेब साधा आहे. हजार वॅटचे आठ दिवे म्हणजे जवळजवळ ३५ अँपिअर. लाकडी पट्टीतली जुनी वायर त्यात जळणारच. एलईडी घ्या, रंगमंचाची लाईन आणि अर्थिंग वेगळं ठेवा. दारं दोन, आणि दोन्ही बाहेर उघडणारी.

आता जे खरं तर सगळ्यात आधी करायचं ते. सिटी सर्व्हेचा उतारा काढा. बेळगाव १९५६ पर्यंत मुंबई राज्यात होतं. त्याआधीचे कागद मराठीत, काही मोडी लिपीत, आणि आजची कचेरी कन्नडमध्ये चालते. म्हणजे मोडीचं लिप्यंतर, मग कन्नड भाषांतर, मग वारसांच्या नोंदी. यात वर्ष जातं. मालकाशी करार अकरा महिन्यांचा असेल तर तुम्ही त्याचं घर फुकटात दुरुस्त करून देताय. निदान तीस वर्षांचा नोंदणीकृत करार हातात येईपर्यंत एकही कौल हलवू नका.