काळी रेघ

आमच्या ऑफिसातलं झेरॉक्स मशीन वर्षभर शहाण्यासारखं वागतं आणि ऑडिटच्या आठवड्यात नेमकं त्याच्या अंगात येतं. त्यात जुलै. कागद पापडासारखा सादळलेला. मशीन एका दमात तीन पानं ओढतं, निम्म्या वाटेत गुदमरतं आणि कोकलत सुटतं. मग हिरवी कडी खाली, निळी चकती उजवीकडे अशी माझी शस्त्रक्रिया सुरू. टोनरची पूड वितळवून कागदाला चिकटवणारा फ्यूजर आत चांगलाच तापलेला असतो, हे मला दरवेळी बोट भाजल्यावर आठवतं. (ही परंपरा जुनीच. १९५९ सालचं झेरॉक्स ९१४ कागद जाळायचं, म्हणून कंपनी सोबत आग विझवायचं नळकांडंच द्यायची.)

यंदा मात्र जाम नव्हता. प्रत्येक पानावर वरपासून खालपर्यंत केसाएवढी काळी रेघ, तीही बरोबर रकमांच्या रकान्यातून.

"ऑडिटरला वाटेल आपणच आकडे खोडले," साहेब म्हणाले. अकाउंट्सच्या मॅडमनी ड्रम, म्हणजे कागदावर छाप उमटवणारा आतला रूळ, गेल्याचं जाहीर केलं. मी टोनरचं काडतूस काढून खडखडून हलवलं. रेघ तिथंच, शर्ट मात्र कामातून गेला. सर्व्हिसवाला म्हणाला, "उद्या सकाळी पक्का." एएमसीतला, म्हणजे वार्षिक देखभाल करारातला, 'उद्या' पंचांगात सापडत नाही.

शेवटी चहा घेऊन आलेल्या शिपाईमामांनी एक पान कागद आपोआप ओढणाऱ्या वरच्या फीडरमधून काढलं. रेघ. तेच पान मोठ्या काचेवर पालथं ठेवून काढलं. लख्ख!

"ड्रम गेला असता तर इथं पण आली असती की."

मोठ्या काचेच्या शेजारी बोटभर रुंदीची काचेची पट्टी असते. फीडरमधला कागद तिच्यावरून सरकतो आणि मशीन त्या एका जागेवरूनच अख्खं पान वाचतं. म्हणजे तिथं ठिपका पडला की पानभर त्याची रेघ. मामांनी मोबाइलचा टॉर्च मारला. तिळाएवढा पांढरा ठिपका. नखानं खरवडला, फुंकर मारली, रेघ गेली.

मामा नखावरचा कण न्याहाळत होते. "व्हाइटनर दिसतंय. कुणीतरी ओलाच कागद घातला हो."

मंगळवारी प्रवासभत्त्याच्या बिलात 'रिक्षा'वर व्हाइटनर फासून त्यावर 'टॅक्सी' लिहिलं होतं, ते मी. घाईत होतो.

"मामा," मी म्हणालो, "आज चहात आलं फक्कड पडलंय."