‘साधा एअर कूलर गळ्यात मारला’ या अभिप्रायास दुकानाचे उत्तर

नमस्कार.

आमच्याकडून घेतलेल्या संगणकातील प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या कूलरबद्दलचा आपला एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. व्हिडिओ रेंडर करताना, म्हणजे संपादित व्हिडिओची अंतिम फाइल तयार करताना, प्रोसेसर ९५ अंशांपर्यंत तापतो. लिक्विड कूलर (पंपाने पाणी फिरवून थंड करणारा) किंवा नॉक्टुआ कंपनीचा दोन टॉवरांचा, म्हणजे धातूच्या पात्यांच्या दोन उभ्या गठ्ठ्यांचा, एनएच-डी१५ हा एअर कूलर मागितला असताना दुकानाने एका टॉवरचा साधा कूलर गळ्यात मारला. आणि तशाच कूलरवर मित्राचा संगणक ६५ अंशांच्या वर जात नाही, असे आपले म्हणणे आहे. इंदूरच्या जेल रोडवर कूलर घ्यायला येणारे पुष्कळ ग्राहक हेच प्रश्न विचारतात, म्हणून उत्तर जरा सविस्तर देत आहे.

आपला रायझन ७ ७७००एक्स हा २०२२ साली आलेल्या पिढीतला प्रोसेसर आहे. या पिढीसाठी तो बनवणाऱ्या एएमडी कंपनीने ९५ अंश सेल्सिअस ही कमाल मर्यादा ठेवली असून, सर्व कोअर (प्रोसेसरमधील गणना करणारे भाग) कामाला लागले की प्रोसेसर त्या मर्यादेच्या आत राहून मिळेल तेवढा वेग काढत राहतो. त्यामुळे ९५ हा आकडा दिसणे म्हणजे बिघाड नव्हे. कूलर पुरतो की नाही, हे तापमानापेक्षा वेगावरून नीट कळते. रेंडर चालू असताना वेग ४.५ गिगाहर्ट्झ या मूळ वेगाच्या खाली घसरला, तर कूलर कमी पडतो असे खुशाल म्हणावे. संगणक ताब्यात देण्यापूर्वी आपल्यासमोरच तो पूर्ण भाराखाली चालवला होता, तेव्हा वेग ५ गिगाहर्ट्झच्या वर टिकून होता आणि तो आकडा आपल्या बिलावर लिहून दिलेला आहे.

मित्राच्या संगणकात, आपणच लिहिल्याप्रमाणे, इंटेलचा आय५-१२४०० आहे. त्याची कमाल वीज ११७ वॅट आणि नेहमीच्या कामात त्याहून बरीच कमी. आपला प्रोसेसर १४२ वॅटपर्यंत जातो. शिवाय आपल्या प्रोसेसरमधील सर्व कोअर सुमारे ७० चौरस मिलिमीटरच्या एका लहानशा चिपमध्ये एकवटलेले आहेत आणि तिच्यावरचे धातूचे झाकणही जाड आहे. उष्णता आधी त्या लहान जागेतून आणि झाकणातून बाहेर पडते, मग कूलरपर्यंत पोहोचते. ही अडचण लिक्विड कूलर लावूनही सुटत नाही. काही अंश कमी होतील, पण पंप हा बिघडू शकणारा आणखी एक भाग संगणकात येईल आणि आत भरलेले पाणीही वर्षानुवर्षे थोडेथोडे घटत जाईल. महाग वस्तू नको म्हणण्यात दुकानाचा फायदा नव्हता, एवढे तरी आपण मान्य कराल.

एनएच-डी१५ उत्तम कूलर आहे, यात वाद नाही. परंतु त्याची उंची १६५ मिलिमीटर आहे आणि आपण घरून आणलेल्या कॅबिनेटमध्ये १६० मिलिमीटरपर्यंतचाच कूलर बसतो. त्याच्या पुढच्या पंख्याखाली रॅमसाठी ३२ मिलिमीटर जागा मिळते, तर आपली दिव्यांची रॅम त्याहून बरीच उंच आहे. पंखा वर सरकवावा तर एकूण उंची आणखी वाढते. तो लावला असता तर कॅबिनेटचे दार उघडे ठेवूनच संगणक वापरावा लागला असता. दिलेला कूलर १५५ मिलिमीटरचा, चार हीट पाइपांचा (प्रोसेसरची उष्णता पात्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्यांचा) आहे आणि दार व्यवस्थित लागते. कूलर निवडताना आम्ही आधी कॅबिनेट आणि रॅम मोजतो, मग वॅट पाहतो, आणि ब्रँडचा विचार शेवटी करतो.

खरी अडचण मला आपण जोडलेल्या छायाचित्रात दिसते. कॅबिनेट टेबलाच्या बंद कप्प्यात ठेवलेले असून त्याचे तोंड लाकडी फळीला जवळजवळ चिकटले आहे. मागून निघालेली गरम हवा कप्प्यातच कोंडते आणि तीच पुन्हा पुढून आत ओढली जाते. एअर कूलर किती उष्णता हटवू शकतो, हे आत येणाऱ्या हवेच्या आणि प्रोसेसरच्या तापमानांतील फरकावर अवलंबून असते. हवा ३५ अंशांची असेल तर ९५ पर्यंत ६० अंशांचा फरक मिळतो. तीच ४५ अंशांची झाली की ५० उरतात, म्हणजे क्षमता एक षष्ठांशाने घटली. माळव्याच्या रात्री थंड असल्याची ख्याती असली, तरी मे महिन्यातली दुपार ४० च्या पुढे जाते आणि बंद कप्प्यात त्याहून अधिक. त्यात खोलीतल्या वाळ्याच्या कूलरची दमट हवा थेट संगणकावर येत असेल, तर पात्यांवर धूळ चिकटून बसते.

पंख्याच्या आवाजाबद्दलचे आपले म्हणणे योग्य आहे. क्षणिक भारानेही पंखा एकदम चढतो. बायोसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) त्याची गती सावकाश वाढेल अशी मांडणी करता येते. तिथेच ‘६५ वॅट’ नावाचा, कमी विजेचा इको मोड लावल्यास प्रत्यक्ष वीज ८८ वॅटपर्यंत मर्यादित राहते, तापमान बरेच उतरते आणि रेंडरला थोडाच अधिक वेळ लागतो.

आपण आधी कॅबिनेट कप्प्याबाहेर काढून तेच रेंडर पुन्हा चालवून पाहावे. उघड्यावरही वेग ४.५ च्या खाली गेला, तर कूलर परत घेऊन त्याची पूर्ण रक्कम आपल्या कॅबिनेटमध्ये बसणाऱ्या दुसऱ्या कूलरमध्ये वळती करू. बायोसची मांडणी आणि थर्मल पेस्टची (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामधील उष्णता वाहणाऱ्या लेपाची) तपासणी विनामूल्य आहे. रविवार सोडून कोणत्याही दिवशी यावे. फक्त कॅबिनेट आणि बिल आणावे, मॉनिटर व कीबोर्ड दुकानात आहेत.

— दुकानाचे संचालक, इंदूर