बुडाशी सम्राटाचे नाव आहे म्हणून फुलदाणी त्याच्या काळातली ठरत नाही

निळ्या-पांढऱ्या चिनी फुलदाणीच्या बुडाशी सम्राटाच्या राजवटीचे नाव असेल, अंगावर माणसांची चित्रे असतील आणि झिलईवर बारीक तडे असतील, तर ती त्या काळातली व राजवाड्यातलीच, असे सांगणारा मजकूर सध्या सर्रास फिरतो आहे. यातले एकही विधान परीक्षेला टिकत नाही.

पहिला मुद्दा नावाचा. हे नाव कारागीर झिलईखाली कोबाल्टने, म्हणजे निळा रंग देणाऱ्या खनिजाने, हाताने लिहीत असे, आणि पूर्वसुरींचा मान म्हणून जुन्या सम्राटाचे नाव घालण्याची रीतच होती. खांग्शी सम्राटाच्या राजवटीतल्या (1662–1722) कितीतरी भांड्यांवर त्याच्या दोनशे वर्षे आधीच्या छंगह्वा सम्राटाचे नाव आढळते. शिवाय 1677 मध्ये जिंगदेझेन या चिनी मातीच्या भांड्यांच्या मुख्य केंद्रातल्या अधिकाऱ्याने भांड्यांवर राजवटीचे नाव लिहिण्यास मनाई केली होती, म्हणूनच त्या काळच्या अस्सल भांड्यांच्या बुडाशी पुष्कळदा नुसते दुहेरी वर्तुळ किंवा एखादे पान असते. उलट एकोणिसाव्या शतकातल्या निर्यातीच्या मालावर खांग्शीचे नाव भरपूर सापडते. थोडक्यात, नाव नसलेली फुलदाणी खांग्शीकालीन असू शकते आणि त्याचे नाव मिरवणारी त्याच्यानंतर दीड-दोनशे वर्षांनी घडवलेली असू शकते.

दुसरे विधान असे की चित्रातली माणसे म्हणजे सम्राट आणि त्याच्या राण्या. वस्तुस्थिती अधिक रंजक आहे. 1620 मध्ये वानली सम्राट वारल्यानंतर दरबारी मागणी आटली आणि जिंगदेझेनचे चित्रकार व्यापारी व सुशिक्षित गिऱ्हाइकांकडे वळले. या गिऱ्हाइकांना नाटके-कादंबऱ्या पाठ होत्या, त्यामुळे छापील पुस्तकांतल्या लाकडी ठशांच्या चित्रांवरून प्रसंग उचलले गेले. प्रेयसीला भेटायला रात्री भिंत ओलांडणारा तरुण दिसला, तर तो 'पश्चिम कक्ष' या नाटकाचा नायक असतो. त्याला राजपुत्र म्हणणे म्हणजे नाटक न बघताच पात्रे ओळखणे झाले.

तड्यांबद्दल फार लिहायला नको. ते भट्टीतच पाडता येतात आणि चहाच्या पाण्याने मळवताही येतात. जुनेपणाची खूण मानल्या जाणाऱ्या गर्द निळ्यातल्या काळपट ठिपक्यांचेही तेच, कारण खांग्शीच्या आधीच्या मिंग घराण्याच्या काळातल्या कोबाल्टचा हा गुण अठराव्या शतकातल्या कारागिरांनी कुंचल्याने मुद्दाम टिपके देऊन उतरवला.

मग पाहायचे काय? मोठी फुलदाणी चाकावर दोन-तीन भागांत घडवून जोडलेली असते. आत हात घातला की सांध्याची आडवी उंचवट्याची रेघ बोटांना लागते. साच्यात ओतलेल्या नव्या फुलदाणीत ती बहुधा नसते. सांधा सापडला म्हणजे काळ सिद्ध झाला असे मात्र नाही, कारण एकोणिसाव्या शतकातही असेच जोडकाम होत असे. त्यासाठी चित्र पाहावे. खांग्शीकालीन चांगल्या कामात एकाच निळ्याच्या अनेक छटा एकमेकींवर चढवून वस्त्राच्या घड्या उठवलेल्या असतात, तर उत्तरकालीन बाजारी मालात बहुधा रेषा काढून आत सपाट रंग भरलेला दिसतो.

राहिला राजवाड्याचा दावा. मुंबईच्या पारशी व्यापाऱ्यांचा कँटन या चिनी बंदराशी मोठा व्यवहार होता आणि तिथून येणारा पुष्कळसा माल निर्यातीसाठीच घडवलेला असे. पणजोबांनी कँटनहून आणलेली फुलदाणी राजवाड्यातली मानण्याआधी ती तिथल्या दुकानातली असण्याची शक्यता धरणे अधिक सयुक्तिक आहे.