डग्गा कुठे गेला?

आमच्या बैठकीतून डग्गा हरवला होता. स्पीकर नवे, हप्ते चालू, आणि इंदूर घराण्याचा झूमरा तालातला विलंबित ख्याल लावला की तबला टिकटिक करायचा नि डग्गा गप्प. मी आरामखुर्चीत हळहळायचो. मागच्या भिंतीशी पाटावर मटार सोलत बसलेली आई उलट ओरडायची, "अरे, ते ढम्म ढम्म कमी कर, छातीत धडधडतंय!" मी मनात म्हणायचो, वय झालं.

शेवटी मोजमापाचा माइक मागवला. त्याच्यासोबत एक कॅलिब्रेशन फाइल येते, म्हणजे माइकचे स्वतःचे दोष किती, ते आकड्यांत लिहून दिलेले. (स्थळं बघताना ही सोय असती तर!) स्टँड नव्हता, पोछ्याच्या दांड्याला चिकटपट्टीनं बांधला, दांडा वाळूच्या बादलीत, माइक खुर्चीत बसल्यावर कान येतो त्या उंचीवर. लॅपटॉप 20 हर्ट्झपासून 20,000 हर्ट्झपर्यंत आवाज चढवत नेतो आणि कुठला सूर किती जोरात पोचला, त्याची रेघ काढतो.

लागते फक्त शांतता. वीसेक सेकंद. इंदुरात.

सकाळी कचऱ्याची गाडी आली. 2017 साली स्वच्छतेत देशात पहिलं आल्यापासून आमचं शहर कचरासुद्धा मुकाट्यानं उचलत नाही, गाणं लावून उचलतं. दुपारी पंखा बंद केला, फ्रिज बंद केला (तो परत चालू करायचा राहिला, त्या दुधाबद्दल घरात अजून बोलणं होतं), तर शेजारचे काका दारात: "क्यों भिया, इन्वर्टर बिगड़ गया क्या?" रात्री एकला बसलो, तेव्हा वरच्या मजल्यावरची मंडळी सराफ्याच्या रात्रीच्या खाऊगल्लीतून भुट्ट्याचा कीस खाऊन जिन्यात त्याचीच चर्चा करत होती.

पहाटे चारला जमलं. घूं करत आवाज चढला, शोकेसमधली पितळी घंटा एका सुराला थरथरली, मग शिट्टी, मग शांत. "झालं," मी म्हणालो. झोपमोड झालेला मुलगा कानांवर हात दाबून, "बाबा, अजून वाजतंय!" आलेखात बघतो, तर तेरा हजारांच्या पुढेही स्पीकर ठणठणीत. संपलो होतो मी.

रेघ म्हणजे आमच्या इंदूरजवळचा सिमरोळचा घाट. सॉफ्टवेअरमध्ये स्मूदिंगची, म्हणजे रेघेचे चढउतार गुळगुळीत करून दाखवायची, सोय असते. ते वाढवलं की घाटाचा बायपास होतो. तसाच बायकोला दाखवला. पण 70 हर्ट्झला, म्हणजे डग्ग्याच्याच खर्जात, 15 डेसिबलची विहीर होती, ती पुरती बुजेना.

70 हर्ट्झची लाट साधारण सोळा फूट लांब. माझी खुर्ची मागच्या भिंतीपासून चार फुटांवर. आवाज माझ्या कानावरून भिंतीपर्यंत जाऊन परत येईस्तो आठ फूट, म्हणजे बरोबर अर्धी लाट चालतो, आणि समोरून येणाऱ्याला उलटा भिडतो. दोघं एकमेकांना गिळून बसतात. इक्वलायझरनं जोर वाढवला, तर परतणारी लाटही तेवढीच फोफावली. भिंतीवर गोधड्या टांगल्या. त्यांनी झांजेची चमक खाल्ली, डग्ग्याला हातही लावला नाही.

मग बादली आईच्या पाटापाशी सरकवली. तिथे त्याच 70 हर्ट्झला टेकडी.

संध्याकाळी झूमरा लावला आणि भिंतीशी गेलो. "आई, सरक जरा."

ती सरकली. मटारांची अर्धी परात माझ्या मांडीवर आली.

"अळ्या बघून घे," म्हणाली.