फाइट इकडे, कॅमेरा तिकडे!

16 टीम, 64 खेळाडू आणि दाखवायला स्क्रीन एक. मान्य आहे, काम सोपं नाही. क्रिकेटमध्ये चेंडू एकच, त्याच्यामागे कॅमेरा गेला की भागलं. बीजीएमआयमध्ये, म्हणजे शेवटपर्यंत टिकायच्या त्या मोबाइलवरच्या बंदुकांच्या गेममध्ये, एकाच वेळी चार ठिकाणी गोळीबार सुरू असतो. पण म्हणून ऐन फायनलमध्येसुद्धा हेच?

परवाचंच घ्या. एरांगेल या नकाशावरची शेवटची मॅच, झोन (खेळायची सुरक्षित जागा) आवळत आलेला, तीन टीम जिवंत. इंदूरच्या रामबागेत आमच्या हॉलमध्ये मोबाइल टीव्हीला जोडलेला, मधोमध सेव-परमलची परात, आणि खायचं कुणाला सुचत नाहीये. हल्लीच्या पद्धतीत मॅच मारली तर 10 गुण, शिवाय प्रत्येक किलमागे 1. म्हणजे समोरची चौघांची अख्खी स्क्वॉड उडवली की तिथेच 4. आमच्या टीमला नेमकं तेवढंच हवं होतं.

आणि स्क्रीनवर काय? गवतात पालथा पडलेला एक इसम. हलत नाही, बंदूक उचलत नाही, निवांत बँडेज बांधतोय. कोपऱ्यातल्या किलफीडमध्ये, म्हणजे कुणी कुणाला मारलं त्या यादीत, मात्र आमच्या टीमच्या पोराचं नाव एकाखाली एक चढतंय. कॉमेंटेटर घसा फाडून "क्लच! क्लच!" ओरडतोय. क्लच म्हणजे एकट्याने अनेकांना लोळवून डाव वाचवणं. अरे, कुठे क्लच? दाखव ना भिया! कॅमेरा पोचेपर्यंत तिथे मेलेल्यांच्या सामानाचे नुसते क्रेट उरले होते. निदान रिप्ले येईल म्हणून डोळे लावून बसलो, तर मोबाइलची जाहिरात!

डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीने. प्रक्षेपण बघून कुणी खेळाडूंना शत्रूचा पत्ता कळवू नये म्हणून हे लोक चित्र मुद्दाम काही मिनिटं उशिरा सोडतात. बरोबरच आहे. पण मग फाइट कुठे झाली हे आमच्या आधी तुम्हाला कळलेलं असतं ना! हातात वेळ असून तुम्ही तो गवतातला बुवा दाखवता?

त्यात त्या दिवशी काकांना मुद्दाम बसवलं होतं. "दुसरा खेळतोय ते काय बघायचं?" हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आता 2011 साली होळकर स्टेडियमवर सेहवागने 219 केले, ते त्यांनी स्टँडमधून बघितले आणि अजून घरी येईल त्याला ऐकवतात. तेव्हा बॅट काय काकांच्या हातात होती? हांगझोच्या आशियाई स्पर्धेत ई-स्पोर्ट्सला, म्हणजे अशा व्हिडिओ गेमच्या सामन्यांना, पदकं होती, 2022 मध्ये बीजीएमआयची स्पर्धा स्टार स्पोर्ट्सवर लागली होती, सगळं सांगून त्यांना कसंबसं तयार केलं. बिचारे चष्मा लावून बसलेही. आणि ऐन मोक्याला शांतपणे विचारतात, "मारामारी नक्की कुठे चाललीय रे?"

काय सांगणार? मलाच दिसत नव्हती! पाच मिनिटांत उठले आणि बातम्या लावायला रिमोट मागितला.

वर निर्लज्जपणा बघा. काल त्याच आयोजकांनी त्याच फाइटची क्लिप टाकली, खेळाडूच्या स्क्रीनवरची, एकदम स्वच्छ. वर मथळा: "हा क्लच पाहिलात का?"

नाही पाहिला! तुम्ही दाखवलाच नाही!