"मांजर पाळलंय का कधी?" : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. मांजरांच्या पोटातल्या केसांच्या गोळ्यांवर मी लिहिलेला लेख तुम्हाला आवडला नाही. तुमचं म्हणणं असं: गोळे वारंवार पडत असतील तर मागे आजार असू शकतो, तेलाचा उल्लेख धोकादायक आहे, आणि "रोज ब्रश फिरवा हा सल्लाच अडाणी, मांजर पाळलंय का कधी?"

शेवटापासूनच घेतो. पाळलंय. आमच्या घरात मांजर नाही असा काळ मला आठवत नाही. सध्याचा बोका पर्शियन आहे. अंधारात ओकारीचा आवाज आला की दिवा लावण्याआधी पाय कुठे टेकवायचा नाही, हे मला बरोबर कळतं.

आता 'अडाणी' सल्ला. मांजराच्या जिभेवर घशाकडे वळलेले बारीक, टणक काटे असतात. अंग चाटताना सुटलेला केस त्यांत अडकतो. थुंकता येत नाही, गिळावाच लागतो. बहुतेक केस शीवाटे निघून जातात, उरलेले पोटात साठतात. म्हणजे जो केस ब्रशात आला, तो पोटात गेला नाही. यात न पटण्यासारखं काय आहे? आणि ब्रश फिरवणं म्हणजे पाठ कुरवाळणं नव्हे. लांब केसांच्या मांजराला आधी रुंद दातांचा कंगवा लागतो. पोटाखाली, काखेत, मांड्यांच्या मागे, म्हणजे ते जिथे हात लावू देत नाही नेमका तिथेच गुंता असतो. माझ्या मनगटावरचे ओरखडे पुरावा म्हणून चालतील का?

गोळे शीवाटे सरकावेत म्हणून मांजराला चाटवतात ती पेस्ट जेवणात न कालवता मधल्या वेळी द्यावी, हे तुमचं म्हणणं मान्य. तेवढं वाक्य लेखात घालतो.

तेलाचं म्हणाल तर लोणी-तेल पचून जातं, गोळा सरकवायला उरतच नाही. आणि पातळ पॅराफिन (एक खनिज तेल) तोंडात ओतलं तर फुफ्फुसात जाऊ शकतं. मी "देऊ नका" असंच लिहिलंय. लेख पूर्ण वाचलात ना?

राहिला आजार. पिसवा, त्वचेची ॲलर्जी, ताण यांमुळे वाढलेलं चाटणं, आतड्यांचा जुना दाह, सगळं लेखाच्या तिसऱ्या परिच्छेदात आहे. दम्याच्या खोकल्याला लोक गोळ्याची उबळ समजतात, हे मात्र तुमच्या एवढ्या लांब प्रतिक्रियेतही नाही. असो.

मतभेद जरूर लिहा, जरा भाषा सांभाळून. आणि इतर वाचकांपैकी कुणाचं मांजर नुसत्याच कोरड्या ओकाऱ्या काढत असेल, खात नसेल, शी होत नसेल, तर आमचं भांडण वाचत बसू नका. आधी पशुवैद्याकडे न्या.