आवक क्रमांक नसलेली निवेदने

सरकारी कार्यालयात निवेदन घेऊन गेलेल्या प्रत्येकाला ही पद्धत ठाऊक असते. मूळ प्रत टेबलावर द्यायची, दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक टाकून घ्यायचा आणि ती पोहोच फाईलला लावून जपायची. ऊसदरासाठी आणि महापुरानंतरच्या पंचनाम्यांसाठी मीही अशा पोहोच घेतलेल्या आहेत. त्या कागदाने काम होतेच असे नाही. परंतु कोणी, कोणत्या तारखेला, काय मागितले याची नोंद सरकारदरबारी राहते आणि आमच्या मागणीला ज्याचा विरोध आहे त्यालाही ती मागवून वाचता येते. धोरण आपल्या बाजूने वळवून घेण्यासाठी मंत्रालयात आणि दिल्लीत जे लोक फी घेऊन किंवा संघटनेचे पदाधिकारी म्हणून जातात, त्यांच्या मागणीलाही असाच आवक क्रमांक असला पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे.

सरकारकडे आपले म्हणणे मांडणे, पाठपुरावा करणे, दबाव आणणे यात गैर काही नाही. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांतील वकिलांनी आणि पक्षकारांनी उच्च न्यायालयाच्या खंडपीठासाठी कित्येक दशके मोर्चे काढले, कामकाजावर बहिष्कार घातला, मुख्यमंत्र्यांना आणि मुख्य न्यायमूर्तींना शिष्टमंडळे भेटली, तेव्हा कुठे १८ ऑगस्ट २०२५ रोजी कोल्हापुरात सर्किट बेंचचे कामकाज सुरू झाले. हेही लॉबिंगच, म्हणजे निर्णय आपल्या बाजूने व्हावा म्हणून केलेला पाठपुरावाच होता. फरक इतकाच की मागणारे कोण, मागणी काय आणि ती कोणाकडे केली, हे सगळे गावासमोर होते.

आता उसाकडे पाहू. ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार ऊस घातल्यापासून चौदा दिवसांत एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर, देणे कारखान्यावर बंधनकारक आहे आणि उशीर झाल्यास १५ टक्के दराने व्याज द्यावे लागते. असे असताना फेब्रुवारी २०२२ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढून एफआरपी दोन टप्प्यांत देण्याची मुभा कारखान्यांना दिली आणि उताऱ्यानुसारचा, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीनुसारचा, अंतिम हिशोब हंगाम संपेपर्यंत पुढे ढकलला. मुंबई उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये हा निर्णय रद्द केला. मधल्या तीन वर्षांत सोसायटीचे कर्ज, खताची उधारी आणि मुलांची फी यांची वेळ काही पुढे गेली नव्हती. हा निर्णय होण्यापूर्वी त्या बाजूने कोणी काय लिहून दिले, कोणती आकडेवारी मांडली, शेतकऱ्यांच्या बाजूने कोणाला ऐकले, हे ज्याच्या उसाचे पैसे अडकले त्याला एका ठिकाणी वाचायला मिळायला हवे होते.

कारखानदारांचे प्रत्येक म्हणणे चुकीचे असते, असे मी मुळीच मानत नाही. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ मध्ये किलोला ३१ रुपये झाला आणि त्यानंतर वर्षानुवर्षे तिथेच राहिला. याच काळात एफआरपी २०१८-१९ च्या क्विंटलला २७५ रुपयांवरून २०२५-२६ साठी ३५५ रुपयांपर्यंत गेली, तीही मूळ उतारा १० वरून १०.२५ टक्के करून. साखरेचा हा किमान दर वाढवा, ही मागणी न्याय्य आहे आणि तिच्यात आमचेही हित आहे. इथेनॉलचेही तसेच. ७ डिसेंबर २०२३ रोजी केंद्राने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यास मनाई केली. कर्ज काढून डिस्टिलरी उभारलेले कारखाने हादरले आणि त्याच महिन्यात १७ लाख टन साखर इथेनॉलकडे वळवण्याच्या मर्यादेत ती बंदी शिथिल झाली. हा बदल योग्यच होता, असे मला आजही वाटते. पण इतक्या थोड्या दिवसांत सरकारचे मत कोणत्या मांडणीने फिरले, हे समजण्याचा मार्ग सामान्य ऊस उत्पादकाला नाही. जिथे मागणी रास्त आहे तिथे ती उघड्यावर करण्यात कारखानदारांचे काय जाते?

आपल्या कोल्हापूर जिल्ह्यात तर प्रश्न आणखी अवघड आहे, कारण इथे कारखान्याची बाजू मांडायला बाहेरचा माणूस आणावाच लागत नाही. कारखान्याचा अध्यक्ष, जिल्हा बँकेचा संचालक आणि आमदार किंवा मंत्री ही पदे एकाच घरात असणे आपल्याला इतके अंगवळणी पडले आहे की त्यात काही वावगे आहे, असेही कोणाला वाटत नाही. सहकारी कारखान्याचा अध्यक्ष सभासदांनी निवडून दिलेला असतो, हे मान्य. परंतु तोच सभासद कारखान्याला ऊस घालणाराही असतो, आणि पैसे किती आणि कधी द्यायचे या प्रश्नावर कारखाना आणि ऊस उत्पादक समोरासमोर उभे असतात. अशा वेळी ज्याचे हित एका बाजूला गुंतलेले आहे, त्याने ते जाहीर करून त्या विषयापुरते बैठकीतून उठणे ही किमान नैतिकता आहे. संसदेतही ती पाळली गेली नाही, याचे उदाहरण आपल्या शेजारच्या निपाणीच्या तंबाखूवाल्यांना नक्की आठवत असेल. तंबाखूच्या पाकिटांवर ८५ टक्के जागेत धोक्याचा इशारा छापण्याचा नियम १ एप्रिल २०१५ पासून लागू व्हायचा होता. संसदीय समितीने तो लांबवायला सांगितला, आणि त्या समितीत उत्तर प्रदेशातील एक बिडी उद्योजक खासदार सदस्य होते. नियम लागू व्हायला पुढचे वर्ष उजाडले.

अमेरिकेत १९९५ च्या कायद्याने लॉबिस्टना नोंदणी करावी लागते. कोणासाठी, कोणत्या विषयावर काम केले आणि किती पैसे घेतले, याचे अहवाल द्यावे लागतात. त्यामुळे तिथला पैशाचा जोर संपलेला नाही आणि जॅक अब्रामॉफसारखा लॉबिस्ट त्यानंतरही तुरुंगात गेलाच. तरीही २०१२ मध्ये वॉलमार्ट या अमेरिकी किरकोळ विक्री कंपनीने भारतीय बाजारपेठेतील प्रवेशाच्या विषयावरही लॉबिंग केल्याचे आपल्याला कळले, ते त्या कंपनीने अमेरिकेत भरलेल्या अहवालांतून. संसदेत गदारोळ झाला, निवृत्त न्यायमूर्ती मुकुल मुदगल यांची समिती नेमली गेली. आपल्या धोरणाशी संबंधित माहिती आपल्याला परक्या देशाच्या दप्तरात शोधावी लागली, याची मला नागरिक म्हणून शरम वाटते. २०१३ मध्ये लॉबिंगची माहिती जाहीर करण्याबाबत एका खासदाराचे खासगी विधेयक आले होते; त्याचा कायदा झाला नाही.

नवा कायदा होईपर्यंत हातात काहीच नाही, असेही नाही. माहिती अधिकार कायदा, २००५ च्या कलम ४ नुसार महत्त्वाची धोरणे ठरवताना सर्व संबंधित वस्तुस्थिती स्वतःहून प्रसिद्ध करणे प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणावर बंधनकारक आहे. अडचण अशी की या कायद्याने जो कागद दप्तरात आहे तोच मिळतो. हॉटेलात झालेली चर्चा आणि हातोहात दिलेली टिपणी दप्तरात येतच नाही. म्हणून मंत्री आणि सचिव यांना धोरणाच्या विषयावर भेटलेल्या प्रत्येकाचे नाव, तो कोणाच्या वतीने आला आणि त्याने दिलेला कागद यांची नोंद महिनाअखेरीस संकेतस्थळावर आली पाहिजे. शेतकरी संघटनांनाही हाच नियम लागू असावा.

सुरुवात आपल्याच विषयापासून करता येईल. दरवर्षी गाळप हंगाम कधी सुरू करायचा, हे मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील मंत्री समितीच्या बैठकीत ठरते. यंदाच्या बैठकीनंतर उपस्थितांची यादी, इतिवृत्त आणि बैठकीपूर्वी विविध संघटनांकडून आलेली निवेदने यांच्या प्रती मागणारा अर्ज मी करणार आहे आणि जे उत्तर येईल ते इथे जसेच्या तसे टाकणार आहे. शिरोळ, हातकणंगले, करवीर, कागल भागातील ज्यांना आपापल्या नावाने असाच अर्ज करायचा असेल त्यांनी कळवावे. मसुदा तयार आहे, त्याला फक्त दहा रुपयांचे कोर्ट फी स्टॅम्प लावायचे आहे.